चोरीच्या कादंबरीची अक्षरजुळणी

तालुक्याच्या गावी टायपिंगचं दुकान चालवणाऱ्याकडे साहित्य सर्वांत शेवटी येतं. आधी सातबारा, उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज, धानखरेदीची ऑनलाइन नोंदणी, लग्नपत्रिका, तेरवीच्या पत्रिका. हे आटोपून तहसीलची गर्दी ओसरली की कुणीतरी पिशवीतून वही काढतं आणि विचारतं, “भाऊ, पानाचे किती घेता?” अर्जुनी मोरगावात माझं काम हे असं. पोळा झाला की वहीवाले वाढतात, कारण दिवाळीनंतर नाटकं उभी राहायची असतात.

आमचा भाग झाडीपट्टीचा. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतल्या धानाच्या पट्ट्यात भाऊबीजेपासून होळीपर्यंत गावोगावी नाटकं होतात. मंडई असो की शंकरपट, त्या रात्री नाटक हवंच. कंपन्यांचं ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. गोंदिया-बल्लारशा लाइनीवर आमच्या पुढचंच मोठं स्टेशन. रात्री दहाच्या पुढे उघडलेला पडदा पहाटेपर्यंत पडत नाही आणि माणसं तणसावर चादर टाकून, लेकराबाळांसह, थंडीत बसून राहतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या गुरनोलीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांनी या रंगभूमीकडे मान वळवली. आमच्याकडे खुणेंचं नाव शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण ज्या नाटकांत ते उभे राहिले, त्यांचे लेखक कोण असं विचारलं तर म्हातारी माणसंही डोकं खाजवतात. पोस्टरवर नटनट्यांचे फोटो असतात, निर्मात्याचा फोटो असतो, लावणी करणारीचा तर सर्वांत मोठा असतो. लेखकाचं नाव शोधावं लागतं.

संहिता कशी फिरते हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लेखकाची वही माझ्याकडे येते. मी ती जुळवून कागद काढतो. मग झेरॉक्स: एक निर्मात्याला, एक दिग्दर्शकाला, एक प्रॉम्प्टरला आणि एक ऑर्गनवाल्याला, कारण पद कुठे आणि धक्का कुठे हे त्याला आधी कळावं लागतं. नटांना नकला. प्रयोग सुरू झाले की विनोदी नट पदरची वाक्यं घालतो, लोक हसले की ती पक्की होतात आणि प्रॉम्प्टर ती पेन्सिलनं समासात लिहून ठेवतो. पुढच्या हंगामात प्रॉम्प्टर दुसऱ्या कंपनीत गेला तर समासासकट प्रत त्याच्या पेटीत जाते. दोन-तीन वर्षांनी तीच प्रत ‘नवीन करून द्या’ म्हणून माझ्याच टेबलावर येते. कडा कुरतडलेल्या, तेलाचे डाग पडलेल्या, तीन शायांतल्या प्रती मी पाहिल्या आहेत. मुळातलं कोणाचं, नटाचं कोणतं आणि कुठला प्रवेश दुसऱ्याच नाटकातून आलाय, हे टायपिंग करणाऱ्याच्या बोटांना समजतं. स्वल्पविराम बदलतो. एका पानावर ‘मुलगा’ असतो, पुढच्यावर ‘पोट्टा’.

म्हणून मी दुकानात एक रीत ठेवली आहे. पहिलं पान लेखकानं स्वतःच्या हातानं लिहून, तारीख टाकून, सही करून द्यायचं. ते पान माझ्या फायलीत राहतं. एकदा एक गृहस्थ पहिलं पान नसलेली प्रत घेऊन आले. तिसरा अंक वाचतानाच मी ओळखलं, हे मीच जुळवलेलं. तसं सांगितलं. ते म्हणाले, “जुनं नाटक हाये भाऊ. लेखक कोन, कोनाले मालूम नाही. आमच्या दादाचं नाव टाका ना.” मी फाइल काढून सहीचं पान समोर धरलं. त्यांनी चहा घेतला, नागपूरच्या उन्हाबद्दल बोलले आणि प्रत पिशवीत घालून निघून गेले. रागावले नव्हते. टायपिंगवाले काय, पुढच्या स्टेशनातही आहेत.

अशा दुकानात गुरुजींची कादंबरी आली, म्हणजे योग्य ठिकाणीच आली म्हणायची.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, नवेगावबांधच्या पलीकडच्या एका गावचे. तरुणपणी त्यांनी नाटकं लिहिली होती. ती झालीही, पण एकाही पोस्टरवर त्यांचं नाव आलं नाही. दोन नाटकं तर त्यांनी दुसऱ्याच नावांनी, दुसऱ्याच गावांत, तणसावर बसून पाहिली. त्यातूनच ही कादंबरी. तीन लांब वह्या, प्रत्येकीवर प्लास्टिकचं कव्हर, अक्षर फळ्यावरच्यासारखं. विषय: साहित्यचोरी. प्रकार त्यांनी स्वतःच वहीच्या मलपृष्ठावर लिहिला होता, ‘प्रेम व रहस्य’.

गोष्ट अशी. वारलेल्या झाडीपट्टी नाटककाराची मुलगी ग्रंथालयशास्त्र शिकून पुण्याला एका वाचनालयात नोकरीला लागते. बक्षीस मिळालेली एक कादंबरी वर्गवारीसाठी तिच्या हाती येते. वाचता वाचता तिला कळतं, हे बाबांचं नाटक आहे. गावं बदललीत, नावं बदललीत. ज्या प्रकाशनानं ती छापली तिथल्या मुद्रितशोधकाशी तिचं जुळतं. मुद्रितं त्यानंच तपासली होती, म्हणजे मूळ कागद त्यानं पाहिले असणार. मग तो गप्प का? आपण ज्याच्यावर जीव टाकला तोच चोराचा सोबती आहे का, या प्रश्नावर दोन वह्या चालतात. उत्तर इथे सांगत नाही, पुस्तक अजून यायचं आहे.

प्रेमाचे प्रसंग गुरुजींनी शिक्षकी संकोचानं लिहिले होते. हाताला हात लागायला अकरा पानं. मी ते जुळवत असताना ते दुकानात बसत नसत. समोरच्या टपरीवर पाठमोरे बसायचे आणि प्रकरण संपलं की आत येऊन विचारायचे, “झालं का ते?” त्यांना खात्री होती की प्रेम नसेल तर प्रकाशक हात लावणार नाही. त्यात ते चुकले नव्हते.

रहस्याचं मात्र मला पटेना. पहिल्या खर्ड्यात चोराला पकडायला रक्ताचे डाग पडलेली डायरी होती, भिंतीत दडवलेलं कपाट होतं, मध्यरात्री फोन होता. गुरुजी बाबूराव अर्नाळकरांवर वाढलेले. झुंजार आणि काळापहाड त्यांनी भाड्याच्या पुस्तकांतून रात्रीत एक या वेगानं संपवलेले. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांतल्या अनेकींचे धागे इंग्रजी गुन्हेकथांतून आले होते, हे गुरुजींनाही ठाऊक. “पन त्यायचं नाव खोटं नव्हतं ना,” एवढंच ते म्हणाले. त्या वाक्यावर मी बराच वेळ रेंगाळलो. चोरी आणि उचल यांतली रेघ त्यांनी जिथे ओढली होती, तिथे ती मी तोवर ओढली नव्हती.

मी म्हटलं, “गुरुजी, चोर डायरीत सापडत नाही. तो पिकात सापडतो, पाण्यात सापडतो.” आणि त्यांना इटियाडोहच्या नाटकाची हकीकत सांगितली. इटियाडोह आमच्याच तालुक्यातलं धरण, गाढवी नदीवरचं. एका संहितेत ढिवर नायक या धरणावर मासे धरतो. ठीक. पण दुसऱ्या अंकात तो काठावर उभा राहून म्हणतो, भरती येईपर्यंत थांबावं लागेल! धरणाला भरती. मूळ नाटक कोकणातलं असणार. उचलणाऱ्यानं समुद्र पुसून धरण लिहिलं, कोळी पुसून ढिवर लिहिला, होडीचा डोंगा केला. आणि समुद्राची ये-जा तशीच राहून गेली. प्रेक्षकांतल्या कुणी हरकत घेतली नाही, कारण त्या वाक्याच्या वेळी नट फार छान रडत होता.

गुरुजी हसले नाहीत. वही घेऊन गेले. मग बरेच दिवस फिरकले नाहीत. आले ते नवीन प्रकरण घेऊन, आणि ते प्रकरण जुळवताना माझे हात थांबले.

आमच्याकडे धान कापलं की कडपा शेतातच वाळतात, मग भारे बांधून त्यांचं पुंजणं रचतात. चुरणं होईपर्यंत ते शेतात उभं असतं आणि तोवर मालकाचा जीव थाऱ्यावर नसतो. इथल्या वर्तमानपत्रांत दर हिवाळ्यात बातमी असते, अमक्या गावात धानाचं पुंजणं जाळलं. वैर काढायची ती इथली जुनी तऱ्हा. धुऱ्याचा वाद, निवडणूक, सोयरीक मोडणं, काहीही कारण असो, रात्रीत काडी लागते आणि सकाळी राख असते. ज्याचं जळलं त्याच्या घरचं त्या वर्षाचं खाणं जळालेलं असतं, कारण धान आधी घरच्या ढोलीत जातं आणि उरलं तर आधारभूत केंद्रावर. गुरुजींच्या कादंबरीतल्या बाबांच्या नाटकात हाच प्रसंग आहे. पुंजणं जळतं आणि नायकाची आई राखेत बसून म्हणते की आता लेकरांना वर्षभर काय घालू.

चोरानं गोष्ट साताऱ्याकडे नेली. धानाच्या जागी ऊस केला. वैऱ्यानं उसाचा फड पेटवला. आईचं रडणं मात्र जसंच्या तसं ठेवलं, कारण ते रडणं इतकं सुंदर होतं की कापायला त्याचा हात धजावला नाही. उसाच्या मुलखातला कुठलाही माणूस सांगेल की जळका ऊस कारखाना नेतो. टनामागे कपात होते, तोड लवकर करावी लागते, वजन आणि उतारा घटतो, माणूस तळतळतो. पण सगळं जात नाही. आणि मुख्य म्हणजे ऊस कुणी वर्षभर खायला ठेवत नाही. तिथल्या बाईचं संकट कर्जाचं असेल, कारखान्याच्या चिठ्ठीचं असेल, मुलीच्या लग्नाच्या पुढे ढकललेल्या तारखेचं असेल. ती ‘लेकरांना काय घालू’ म्हणणार नाही. वाचनालयात बसलेली मुलगी या वाक्यापाशी अडते. तिला आधी नुसतं चुकल्यासारखं वाटतं, मग आठवतं, हे वाक्य तिनं लहानपणी पडद्यामागे बसून ऐकलेलं आहे.

यानंतर डायरी, कपाट आणि फोन गुरुजींनी स्वतःच काढून टाकले. मला सांगावं लागलं नाही.

एका संध्याकाळी आमचा देवलांवरून वाद झाला. मी म्हणालो, असं असेल तर गोविंद बल्लाळ देवलही चोरच. ‘संशयकल्लोळ’ इंग्रजीतून घेतलेलं. आर्थर मर्फीच्या नाटकावरून, आणि मर्फीनं मोलिएरवरून. गुरुजींनी शाळेच्या स्नेहसंमेलनात ते बसवलेलं, त्यामुळे ते चवताळले. त्यांचं म्हणणं, देवलांनी फाल्गुनरावाचा संशय मुळापासून इथला केला. तो बायकोवर संशय घेतो तेव्हा इथल्या वाड्यातला, इथल्या नोकरांच्या कुजबुजीतला नवरा संशय घेतो. तिकडच्या गोष्टीतलं काहीही त्याच्या अंगावर लोंबत नाही. शिवाय मूळ कुठलं ते लपवलेलं नाही. धरणाला भरती आणणारा आणि देवल यांत हाच फरक, असं त्यांचं मत. ‘झुंझारराव’ ‘ऑथेल्लो’वरून, ‘मोरूची मावशी’ ‘चार्लीज आंट’वरून, ‘ती फुलराणी’ ‘पिग्मॅलियन’वरून; मराठी रंगभूमी उचलीवर उभी आहे हे मी मान्य करून घेतलं आणि त्या उचलीत घाम किती आहे हे त्यांनी माझ्याकडून मान्य करून घेतलं. खरं सांगायचं तर मला अजूनही वाटतं की घामाचं माप काढणं सोपं नाही. झाडीपट्टीत सिनेमाच्या गोष्टी नाटकात येतात, त्यांत दंडारीतला सोंगाड्या घुसतो, मधे लावणी येते आणि पहाटेपर्यंत ते इतकं बदलतं की मूळ सिनेमावाला आला तर तिकीट काढून बघेल.

कादंबरीतलं वकिलाचं प्रकरण बरोबर यावं म्हणून आम्ही कायदा वाचायला बसलो. १९५७ चा कॉपीराइट कायदा दुकानातल्याच संगणकावर, मधेमधे जातीच्या दाखल्यांची गिऱ्हाइकं करत. पहिला धक्का नावाचा बसला. गुरुजींना फार वर्षांची खंत होती की त्यांच्या एका नाटकाचं नाव दुसऱ्या कंपनीनं घेतलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलंय की नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. तो खटला लढणारे श्याम विठ्ठलराव देवकत्ता. त्यांनी २००८ मध्ये ‘देसी बॉइज’ नावानं एका कथेचा सारांश लेखक संघटनेत नोंदवला होता आणि २०११ मध्ये त्याच नावाचा हिंदी सिनेमा आला. सिनेमाची गोष्ट वेगळी होती, तक्रार नावापुरतीच होती, आणि ती टिकली नाही.

दुसरा धक्का कल्पनेचा. आर. जी. आनंद हे दिल्लीचे वास्तुविशारद आणि नाटककार. त्यांचं ‘हम हिंदुस्थानी’ नाटक १९५४ मध्ये रंगमंचावर आलं; पंजाबी आणि मद्रासी अशी शेजारी कुटुंबं, त्यांच्या मुलामुलीचं प्रेम. १९५६ मध्ये ‘न्यू दिल्ली’ सिनेमा आला. आनंद यांना तो आपलाच वाटला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला तो त्यांच्या विरुद्ध. कल्पना, विषय, कथाबीज यांवर कुणाचा हक्क नाही. हक्क ती ज्या रीतीनं मांडली त्यावर. आणि कसोटी अशी की दोन्ही पाहिलेल्या सामान्य प्रेक्षकाच्या मनावर दुसरी कृती ही पहिलीची नक्कल आहे असा निःसंशय ठसा उमटला पाहिजे. गुरुजींनी हे वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. “म्हंजे प्रेक्षकच न्यायाधीश,” ते म्हणाले. यात त्यांना अन्याय दिसला नाही. उलट ती कसोटी त्यांना आवडली, आणि कादंबरीतल्या कोर्टात त्यांनी तणसावर बसणाऱ्या एका म्हातारीला साक्षीला आणलं. हे प्रकरण माझ्या मते सर्वांत चांगलं उतरलंय.

तिसरी गोष्ट मात्र आम्हा दोघांनाही नवी होती. गुरुजी आयुष्यभर समजत आले की आपण काही लिहून घेतलं नाही म्हणून आपला हक्क बुडाला. निर्माते नारळ, दुपट्टा आणि पाकीट देत, करार कसला नसे. कायद्याचं कलम १९ उलटं सांगतं: कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर पाचच वर्षं धरायची. म्हणजे लिहून दिलंच नाही, तर दिलंच नाही. नारळ घेतल्यानं नाटक जात नाही. आणि कलम ५७ तर म्हणतं की हक्क रीतसर विकला तरी ‘ही कृती माझी’ असं म्हणण्याचा अधिकार लेखकाकडे राहतोच. जे नाव पोस्टरवर नाही म्हणून ते इतकी वर्षं कुढले, ते कायद्यानं त्यांच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. त्यांनी ते कलम मला मोठ्या अक्षरात छापून मागितलं. मी एका पानावर चोवीस पॉइंटमध्ये काढून दिलं, पैसे घेतले नाहीत.

अर्थात अधिकार असणं एक आणि तो दाखवता येणं दुसरं. जुन्या वह्या पुरात, उधईत आणि प्रॉम्प्टरांच्या पेट्यांत गेलेल्या. मी त्यांना म्हटलं, आता कादंबरीची तरी नोंदणी करा. नोंदणी सक्तीची नाही, लिहिल्या क्षणापासून हक्क असतोच. पण तारखेचा पुरावा मिळतो. साहित्यकृतीला पाचशे रुपये शुल्क, अर्ज ऑनलाइन, आणि कुणी हरकत घेतं का हे पाहायला ३० दिवस थांबतात. त्यांनी तो अर्ज भरला त्या दिवशी दुकानात पेढे वाटले, जणू पुस्तकच आलं.

आणखी एक भर माझ्या धंद्यातून पडली. माझ्याकडे प्राध्यापक मंडळी प्रबंध जुळवायला येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत: दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढे चाळीसपर्यंत दुरुस्त करून पुन्हा द्या, साठपर्यंत वर्षभर थांबा, साठच्या वर नोंदणीच रद्द. हे साम्य सॉफ्टवेअर काढतं. पण मराठी डीटीपी वर्षानुवर्षं ज्या जुन्या फॉन्टांत चाललं, त्यांत संगणकाला मराठी दिसतच नाही. पडद्यावर ‘आणि’ दिसतं. आत इंग्रजी अक्षरं, कंस आणि कसल्या कसल्या खुणा साठवलेल्या असतात. युनिकोड न केलेला असा मजकूर यंत्रासमोर धरला तर त्याला तो कशासारखाच वाटत नाही. अख्खा उचललेला असला तरी शून्य टक्के. युनिकोड केला तरी, ज्या पुस्तकांवरून उचललं ती कुठे यंत्रात आहेत? झाडीपट्टीची एखादी संहिता तर सोडूनच द्या. हे मी गुरुजींना दाखवलं तेव्हा त्यांनी लगेच वही काढली. त्यांच्या कादंबरीतला प्रकाशक बक्षीस मिळालेलं हस्तलिखित यंत्रातून काढतो, अहवाल स्वच्छ येतो आणि तो निर्धास्त होतो. वाचणारी मुलगी आणि उसाच्या राखेत बसलेली आई, या दोघी यंत्राच्या आवाक्याबाहेर राहतात. मुद्रितशोधक का गप्प, याचं अर्धं उत्तर या अहवालात आहे. उरलेलं अर्धं प्रेमात.

मग पुस्तक छापायची वेळ आली. प्रकाशकांना पत्रं गेली. काहींनी उत्तर दिलं नाही, एकांनी निम्मा खर्च लेखकानं घालावा आणि तीनशेतल्या शंभर प्रती लेखकानं उचलाव्यात असा रीतसर हिशोब पाठवला. त्यात लपवाछपवी नव्हती. मराठीत नव्या लेखकाची पुस्तकं बरीचशी अशीच निघतात आणि हिशोब आधी पाठवणारा प्रकाशक मी तरी भला समजतो. गुरुजींच्या पेन्शनला ते झेपणारं नव्हतं असं नाही. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. एका दुसऱ्या ठिकाणच्या संपादकबाईंचा फोन आला. प्रेमकथा आवडली, मुद्रितशोधक आवडला. एकच सूचना होती: पुंजणं, चुरणं, ढोली हे आमच्या वाचकाला लागणार नाही, तेव्हा बाबांच्या नाटकात धानाऐवजी दुसरं एखादं पीक घेता येईल का? ऊस वगैरे.

फोन स्पीकरवर होता. मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी नम्रपणे विचारलं, “म्याडम, किती प्रकरणं वाचली?” सहा झाली होती. ऊस अकराव्यात आहे. “अकरावं वाचून घ्या, मंग बोलू,” म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा खळखळून हसताना पाहिलं. बाईंनी वाचलं, पुन्हा फोन केला, सूचना मागे घेतली. तिथली बोलणी अजून चालू आहेत.

दरम्यान वडशाच्या एका निर्मात्याला हे कळलं. कादंबरीचं नाटक करून द्या म्हणतो, या हंगामाला. अटी नेहमीच्या: तीन अंक, दोन लावण्या, एक विनोदी जोडी आणि नाव बदलून काहीतरी झणझणीत. पुणं फार लांब पडतं म्हणून वाचनालय नागपुरात हलवायचं. गुरुजींनी सगळं कबूल केलं. लावण्यांबद्दल मला वाटलं होतं ते अडतील, तर ते म्हणाले, लावणी नसेल तर थंडीत माणूस बसेल कशाला. एका गोष्टीवर मात्र ते हटून बसले, करार लेखी हवा. निर्माता चकित झाला. इतकी वर्षं नारळावर चाललं की गुरुजी!

तो मसुदा मी जुळवला. स्टॅम्पपेपर पाचशेचा, ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा चालत नाही, हे निर्मात्याला पटवण्यात अर्धा तास गेला. मुदत: एक हंगाम. क्षेत्र: चार जिल्हे. मानधन प्रयोगागणिक. पाचव्या कलमात लेखकाचं नाव प्रत्येक पोस्टरवर, नटाच्या नावाच्या अक्षराइतक्या अक्षरात छापायचं, असं गुरुजींनी सांगितलं. निर्मात्यानं लावणीवालीच्या नावाला सूट मागितली. तिचं नाव मोठं नसेल तर बुकिंग होत नाही, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी ‘मुख्य पुरुष नटाच्या नावाइतक्या अक्षरात’ असं टाईप केलं, दोघांनी सह्या केल्या, आणि तिसऱ्या अंकाची वही कधी देता म्हणून मी गुरुजींना विचारलं, कारण पोळा उलटून गेला होता.